मुंबईच्या अलीकडचे चारशे किलोमीटर

विमानाच्या तिकिटावर प्रवास मुंबईहून सुरू होतो. बीडच्या माणसाचा तो आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो आणि त्या पहिल्या टप्प्याची जबाबदारी कुठलीही विमान कंपनी घेत नाही. जामखेडच्या पुढं ट्रक आडवा झाला, माळशेज घाटात दरड आली, खोपोलीजवळ गाड्यांची रांग लागली, तरी विमान आपल्या वेळेला सुटतं. फ्रँकफर्टला विमान बदलायला दीड तास पुरेल की दोन लागतील, यावर घरोघर चर्चा होते. बीड ते सहार हा जवळपास चारशे किलोमीटरचा टप्पा मात्र ‘रात्रीची ट्रॅव्हल्स धरू’ एवढ्यावर सोडून दिला जातो. माझ्या मते सगळ्यात नाजूक सांधा तोच आहे. नियोजन तिथूनच सुरू व्हायला हवं.

आमची लेक स्टुटगार्टला असते. दिवाळी आटोपली की तीन महिन्यांसाठी या, असा तिचा आग्रह होता. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. ज्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याची ती राजधानी, त्या राज्याशी महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे नर्सिंग, वीजकाम, वाहनदुरुस्ती शिकलेली आपल्याकडची पोरं तिकडं जाणार, आणि त्यांच्या मागोमाग माझ्यासारखे आईबाप व्हिसाची फाइल घेऊन निघणार. त्यातल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी जिल्ह्याचं बघू. बीड जिल्हा एकाच विमानतळाकडं तोंड करून बसलेला नाही. गेवराईचा माणूस सोलापूर–धुळे महामार्गानं सरळ छत्रपती संभाजीनगरला जातो, चिकलठाण्याचा विमानतळ त्याला सगळ्यात जवळ. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची माणसं अहिल्यानगरमार्गे पुण्या-मुंबईकडं वळतात. परळी आणि अंबाजोगाईची गोष्ट निराळी. परळीची रेल्वे निजामाच्या काळातली. ती हैदराबादच्या सोयीसाठी टाकलेली, म्हणून परळी वैजनाथ स्टेशनातून विकाराबादमार्गे हैदराबाद–सिकंदराबादला जाणं अजूनही सोपं आहे. शमशाबादचा विमानतळ २००८ पासून सुरू आहे. तिथून आखाती देशांत, लंडनला आणि जानेवारी २०२४ पासून फ्रँकफर्टलाही थेट विमान मिळू लागलं. परळीच्या माणसानं सवयीनं मुंबईचं तिकीट काढण्याआधी हैदराबादचे दर आणि वेळा जरूर पाहाव्यात. शहरातून शमशाबादला जायला पुष्पक बस असते. एकाच गावातल्या दोन घरांना एकच सल्ला लागू पडतो, पण एकाच जिल्ह्यातल्या गेवराईला आणि परळीला तो लागू पडत नाही, हे ट्रॅव्हल एजंटही बहुधा सांगत नाहीत.

आम्ही बीड शहरात राहतो, म्हणजे तिन्ही दिशांच्या मध्ये. आमच्यासमोर चार पर्याय होते.

पहिला, घरून गाडी करून थेट मुंबई. सामान दारात चढतं आणि विमानतळावर उतरतं, हा त्याचा मोठा गुण. पण आठ-नऊ तासांचा रस्ता, त्यात पुण्याची कोंडी आणि घाट. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात आमच्या जिल्ह्यातले रस्ते आणि पूल पाण्याखाली गेलेले आम्ही पाहिले होते. पावसाळ्यात निघणाऱ्यानं या पर्यायात अख्खा एक दिवस जास्तीचा धरावा.

दुसरा, संभाजीनगरहून मुंबईपर्यंत विमान. ऐकायला सोपं वाटतं. पण देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं तर दोन अडचणी येतात. एक सामानाची: परदेशच्या विमानात तेवीस किलोची बॅग चालते, देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारण पंधरा किलोच. वरच्या आठ किलोंचे पैसे प्रत्येकी वेगळे. दुसरी उशिराची: पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. शिवाय मुंबईला देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर बॅगा घेऊन रस्त्यानं सहारच्या टर्मिनल दोनला जावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकावर मिळत असतील तर मात्र हा पर्याय उत्तम. मग बॅग चिकलठाण्याला दिली की थेट शेवटच्या गावी मिळते आणि जोड चुकली तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं.

इथं एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पुण्याच्या बाजूनं येणाऱ्या आपल्या माणसांना तो फार सोयीचा, कारण पनवेलजवळच वळता येतं, वाशी-सायनची गर्दी टळते. नांदेड–पनवेल गाडी तर परळीवरूनच जाते. पण तिकीट काढताना मुंबईच्या नावाखाली दोन विमानतळ दिसतात. सहारचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. एक विमान एनएमआयला उतरतंय आणि पुढचं बीओएमहून सुटतंय, असं जुळवून दिलेलं तिकीट दिसलं तर ते घेऊ नये.

तिसरा पर्याय आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलला गेला: बीडची रेल्वे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली, पुढं अमळनेर भांड्याचेपर्यंत, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला. त्या दिवशी स्टेशनवर जमलेली माणसं नुसती गाडी बघायला आली होती. त्यांत ज्यांनी या मागणीसाठी तरुणपणी मोर्चे काढले ते आता काठी टेकत आले होते. आमचे हे त्यांतलेच.

“तीस वर्षं वाट पाहिली,” हे म्हणाले. “आता गाडी दारात आली तर आपण बसनं जायचं?”

“अहो, पण ती अहिल्यानगरला संध्याकाळी पोचते. पुढं मुंबईची गाडी रात्रीची शोधावी लागेल, ती लेट झाली तर?”

आम्ही त्या डेमूनं आधी एकदा जाऊन आलो, मुद्दाम. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती दुपारी एकला बीडहून सुटते, साडेसहाच्या सुमारास अहिल्यानगरला पोचते, रविवारी नसते. साधारण १६६ किलोमीटरला साडेपाच तास. गर्दी होती ती जवळच्या गावांना जाणाऱ्यांची: रायमोह्याला चढून आष्टीला उतरणारे, कड्याहून नगरच्या दवाखान्यात निघालेले. डब्यात सीताफळांच्या पाट्या होत्या, बालाघाटाच्या डोंगरातलं फळ, ज्याला ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन आहे. एसटीत उभं राहून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईला इथं पाय पसरून बसता येतं. हे या गाडीचं खरं काम आहे आणि ते ती चोख करते. पण विमान गाठण्यासाठी तिचा उपयोग करायचा तर अहिल्यानगरला मुक्काम हवा. तिथं नातेवाईक असतील आणि हातात एक दिवस असेल तर अवश्य जावं. पुण्याकडं जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या मनमाड–दौंड मार्गावर तिथं मिळतात. आमच्याकडं तो दिवस नव्हता. परळीपर्यंतचे उरलेले सुमारे पंचाण्णव किलोमीटर पूर्ण होऊन मुंबईची थेट गाडी सुरू होईल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

चौथा पर्याय आम्ही धरला. बीड ते संभाजीनगर रस्त्यानं, तिथून वंदे भारत. ही गाडी डिसेंबर २०२३ मध्ये जालना–मुंबई म्हणून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. संभाजीनगरला ती सकाळी आठच्या सुमारास येते, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दुपारी अडीचच्या सुमारास पोचते. आठवड्यातून एक दिवस बंद असते, तो वार आधी बघून घ्यावा. आमचं विमान मध्यरात्रीनंतरचं. म्हणजे गाडी तीन तास लेट झाली तरी हातात वेळ उरतो. आणि समजा गाडी रद्दच झाली, तरी संभाजीनगरहून दुपारची तपोवन आहे, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग आहे. एक वाट बंद पडली तर दुसरी त्याच ठिकाणाहून निघते, हे या पर्यायाचं मला सगळ्यात पटलेलं कारण. बीडहून थेट निघालेल्या गाडीला वाटेत असा आधार मिळत नाही.

आरक्षणाचा एक पेच मात्र आहे. विमानाचं तिकीट चार-सहा महिने आधी स्वस्त मिळतं. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं. म्हणजे विमान आधी ठरतं आणि रेल्वे त्यामागून जुळवावी लागते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबईकडं परतणाऱ्यांची झुंबड असते. साठाव्या दिवशी सकाळी आठला भाच्यानं मोबाइल हातात धरला तेव्हा जागा मिळाल्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही संभाजीनगरला मुक्काम केला. पहाटे चारला बीडहून निघणं शक्य होतं, पण साठीच्या माणसांनी प्रवासाच्या पहिल्याच रात्री झोप मोडू नये. गाडीत खुर्च्या चांगल्या, जेवण जागेवर, पण मोठ्या बॅगांना जागा कमी. दाराजवळच्या फडताळात एक बॅग बसली, दुसरी पायाशी. मोठ्या बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी गाडीत लवकर चढावं.

मुंबईतला बदलही मोठा आहे. पूर्वी टर्मिनसवरून सहारला टॅक्सी म्हणजे दीड-दोन तास आणि भाड्याची घासाघीस. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो तीन कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावू लागली. टर्मिनसखाली तिचं स्टेशन आहे आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना वेगवेगळी स्टेशनं आहेत. लिफ्ट आहेत, फलक मराठीत आहेत. आम्ही दुपारी मेट्रोनं पार्ल्याच्या बाजूला गेलो, मावसबहिणीकडं अंघोळ केली, गरम जेवलो, दोन तास आडवे झालो. रात्री साडेदहानंतर मेट्रोचा भरवसा धरू नये.

तारखेचं सांगायलाच हवं, कारण यात शिकलेल्या माणसांचीही फसगत होते. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१ नोव्हेंबर, ००:५०’ असं लिहिलेलं असेल तर विमानतळावर पोचायचं ३१ ऑक्टोबरच्या रात्री नऊ-साडेनऊला. रेल्वेचं आरक्षणही मग ३१ चं हवं. घरातल्या कॅलेंडरवर आम्ही विमानाची तारीख लिहिलीच नाही, ‘विमानतळावर पोचणे’ एवढंच लिहिलं.

बॅगेत काय न्यायचं यावर लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि साजूक तूप घरीच राहिलं. ताज्या फळांनाही वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. हंगाम असूनही सीताफळं नेता आली नाहीत याचं वाईट वाटलं. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि काळा मसाला मात्र गेला.

आता दुसऱ्या टोकाचा सांधा. मुंबईहून स्टुटगार्टला थेट विमान नाही. फ्रँकफर्टला उतरून पुढं जायचं. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. पुढचं विमान घ्यावं की रेल्वे? विमान हवेत पाऊण तासच असतं, पण पुन्हा सुरक्षा तपासणी, थांबणं, आणि स्टुटगार्टचा विमानतळ शहराबाहेर असल्यामुळं तिथून लोकल गाडीचा अर्धा तास. रेल्वे फ्रँकफर्ट विमानतळाच्याच स्टेशनातून सुटते आणि सव्वा तासाच्या आसपास शहराच्या मध्यभागी नेऊन सोडते. आम्ही रेल्वे घेतली, आणि सामान स्वतः ओढण्याची ताकद असेल तर कुणीही तीच घ्यावी असं मी म्हणेन. सांधेदुखी असेल, चाकाची खुर्ची लागत असेल, तर एकाच तिकिटावरचं विमान बरं. बॅग आपोआप पुढं जाते आणि खुर्ची ढकलणारा माणूस दारापर्यंत येतो.

रेल्वेचं तिकीट कुठलं काढायचं यावर फोनवर बरंच बोलणं झालं.

“आई, रेल्वे विमानाच्याच तिकिटात घे.”

“वेगळं काढलं तर स्वस्त पडतंय ना गं?”

“पडतंय. पण ते ठरावीक गाडीचं असतं. तुमचं विमान दोन तास उशिरा आलं की ते वाया.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. जर्मन रेल्वेचं ‘श्पारप्राइस’ हे सवलतीचं तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. ती गाडीच लेट असेल तर दुसरीनं जाता येतं, पण विमान लेट झालं तर सवलत नाही. ‘फ्लेक्सप्राइस’ महाग, पण त्या दिवशी कुठल्याही गाडीनं जाता येतं. विमान कंपन्यांमार्फत मिळणारं ‘रेल अँड फ्लाय’ तर विमानाच्या आदल्या, त्या आणि दुसऱ्या दिवशीही चालतं. सगळ्यात निर्धास्त म्हणजे ‘लुफ्थान्सा एक्सप्रेस रेल’. यात रेल्वेला विमानासारखाच क्रमांक असतो, जागा राखीव असते आणि जोड चुकली तर कंपनी पुढच्या गाडीत बसवते. आम्ही ते घेतलं. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची जुनी समजूत आता सोडायला हवी. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तिथं सहा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतात.

फ्रँकफर्टला सकाळी उतरलो. शेंगेन देशांत प्रवेशाची तपासणी पहिल्या देशातच होते, म्हणून पुढं रेल्वे असो की विमान, पासपोर्टची रांग इथंच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यामुळं पहिल्या वेळी जास्त वेळ लागू शकतो. विमान उतरणं आणि रेल्वे सुटणं यात आम्ही अडीच तास ठेवले होते. रांग, बॅगा आणि प्रसाधनगृह यांत दोन सहज गेले.

या विमानतळावर दोन स्टेशनं आहेत, हे पक्कं लक्षात ठेवावं. टर्मिनल एकच्या तळाशी असलेलं जुनं ‘रेगिओनालबानहोफ’ जवळच्या गाड्यांसाठी. १९९९ मध्ये उघडलेलं ‘फेर्नबानहोफ’ लांबच्या गाड्यांसाठी, पादचारी पुलावरून पाच-सात मिनिटांवर. आपल्याला दुसऱ्यात जायचं. तिथले फलाट चार ते सात. फलाटावर गाडीच्या डब्यांचा नकाशा असतो आणि जमिनीवर ए, बी, सी अशी अक्षरं. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. हे नकाशा वाचत पुढं गेले, मी बॅगा घेऊन बी अक्षराखाली उभी राहिले, डबा बरोबर समोर आला. मानहाइमनंतर १९९१ चा वेगवान मार्ग लागतो, बोगद्यामागून बोगदे. ज्यांची मुलं कलोनला आहेत त्यांना याच स्टेशनातून तासाभरात पोचता येतं. लुफ्थान्सानं त्या मार्गावरचं विमान २००७ मध्ये बंदच केलं.

युरोपात इतरत्रही हेच तत्त्व चालतं. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाखालून लिऑनची टीजीव्ही दोन तासांत नेते. ॲमस्टरडॅमचं स्किपोल आणि झुरिक, दोन्हीकडं विमानतळाखालीच रेल्वे आहे. फ्रान्सनं तर २०२३ मध्ये, अडीच तासांत रेल्वेनं जाता येत असेल अशा काही देशांतर्गत विमानांवर बंदी घातली. लंडनचं हीथ्रो मात्र वेगळं. तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटत नाहीत, आधी शहरात नाहीतर बसनं रेडिंगला जावं लागतं. लेक-मुलगा ब्रिटनच्या दुसऱ्या शहरात असेल तर तिथं पुढचं विमान किंवा त्या शहराला थेट जाणारं आखातातून येणारं विमान बघावं.

नुकसानभरपाईचा नियमही माहीत असावा. युरोपीय कंपनीच्या विमानानं मुंबईहून निघालात आणि कंपनीच्या दोषामुळं शेवटच्या ठिकाणी चार तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर माणशी सहाशे युरो मागता येतात. हवामानामुळं झालेल्या उशिराला ते लागू नाही.

परतीचा हिशेब निघण्याआधी पूर्ण करता येत नाही. शेंगेन व्हिसावर एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येतं, आम्ही जवळपास तेवढेच राहणार होतो. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडणार, म्हणजे आम्ही तिकडं असताना. भारतात सकाळचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत पहाटेचे साडेतीन असतात. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि आरक्षण उघडताच फक्त आधार पडताळणी केलेल्या खात्यांनाच बुकिंग करता येतं. म्हणून हे काम बीडमधल्या माणसाकडंच सोपवावं, त्याचं खातं आधी पडताळून ठेवावं.

मुंबईला परतीची विमानं बहुधा रात्रीच उतरतात. तेव्हा बीडहून गाडी मागवून रातोरात निघण्याची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून मुंबईला आलेला असतो, पाहुणे मागं झोपलेले, आणि पहाटेच्या अंधारात तोच चारशे किलोमीटर परत. हे करू नये, एवढं मी हात जोडून सांगते. आम्ही पार्ल्याला झोपलो, दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर टर्मिनसहून सुटणारी वंदे भारत धरली, संध्याकाळी संभाजीनगरला उतरलो आणि गेवराईमार्गे रात्री जेवणाच्या वेळेला बीडला पोचलो.